‘दोन मिनिटं बसून बघतो’

हॅलो? … हो आई, बोल. … नाही, गाडी अजून गेली नाही. … अगं ओरडू नकोस, ऐक ना!

आलंय ना गिऱ्हाईक. नऊलाच आलं. ‘सही करण्याआधी दोन मिनिटं बसून बघतो,’ म्हणाले आणि बसले. … तेव्हापासून!

काय करणार? स्टिअरिंग धरून तोंडाने आवाज काढतायत. … इंजिनाचा! आपलं इंजिन अकरा वर्षं झोपलंय, कुणीतरी काढायला नको? … नाही गं, छान काढतात. चढावर गिअरसुद्धा बदलतात.

बाबा शेजारी बसून वळणं सांगतायत. … ‘पुढे दरी आहे, जपून!’ … अगं, गॅरेजच्या भिंतीकडे बघून!

सांगितलं ना मी क्रेनवाल्या दादांना, गाडी ओढा म्हणून! … ते मागच्या सीटवर आहेत. … हो, त्या एवढ्याशा सीटवर! गुडघे कानाला टेकलेत. म्हणतात, ‘ताई, चालत्या गाडीतून उतरू नये.’

हो, हो… मशीन येतायत, सोमवारपासून तुझा शिवणक्लास, गॅरेज रिकामं हवं… पाठ झालंय मला! पण इथे रांग लागलीये. … शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. पेशंटसकट. … तसाच आलाय बिचारा, गळ्यात फडकं, अर्धा गाल बधिर. नुसता बॉनेटवरून हात फिरवतोय… बॉनेट कसलं, डिकी! जर्मन स्पोर्ट्स कार आहे आई, हिचं इंजिन मागे असतं, वीस वर्षांत तुला एवढंही… बरं, बरं.

मी? मी कशाला रांगेत उभी राहीन? … तिसरी आहे.

काय? … अशी हळू का बोलतेयस? … बाबा आत्ता बसलेत ती सीट? हो, अजून मागे जाते. करकरते जराशी. … लग्नानंतर? तुम्ही दोघं? पेट्रोल संपेपर्यंत फिरायचात? आई! मला कधी बोलली नाहीस!

… उठवू? सगळ्यांना? … ‘विकायची नाही’ म्हणून सांगू? नक्की? मग मशीन कुठे ठेवणार? … दिवाणखान्यात? आणि सोफा? … गच्चीवर?! आई, तुला ताप-बिप नाही ना?

बरं, ये. पण रांग मोडू देणार नाही हं, तुझा नंबर सातवा. … आई असलीस म्हणून काय झालं! … तिकडे हॉर्न कसला वाजतोय? … मशीनच्या टेम्पोत आहेस? आपल्याच कोपऱ्यावर? अगं, मग… हॅलो? हॅलो?

बाबाऽऽ! दरी-बिरी राहू द्या, सीट रिकामी करा… आई आली!