पुलावरचे आबाजी

भाच्याच्या साक्षगंधाले आम्ही निघालो होतो, मी अन् बायको. रामटेकच्या पुढचा तो राज्यमार्ग पाहिला ना तुम्ही? निस्ता सीधा! दोन्हीकडं धानाचे बांध, वळाचं कुठं काही समजत नाही. एका पुलावर लाल फेटेवाल्या आबाजीनं हात दाखवला. म्हटलं, बसा मागं.

दोन मिनिटांत भाऊजीचा फोन. स्पीकरवर टाकला.

"पुलावर लाल फेट्याचा म्हातारा बसून दिसन. रोज तिथंच असते. तिथून डावीकडं वळा. अन् लवकर या, पंगत बसून राहिली!"

आम्ही पूल पाहत निघालो. चार पूल गेले, म्हातारा काही दिसेना. आबाजी तर खिडकीतून मुंडी काढून आमच्याहून जास्त पाहून राहिले होते.

पाचव्या पुलावर बायकोनं मागं वळून तो फेटा नीट पाहिला.

"आबाजी, त्या पुलावर रोज कोण बसते?"

"मीच."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"मी तर गाडीत होतो ना वं पोरी! मंग तिथं कोण येऊन बसला, तेच पाहून राहिलो होतो मी!"