जोडीदाराचा अंगठा

— न्हाई न्हाई, बसा की, जागा हाय. ती पिशवी माझीच, घेतो मांडीवर. मी पेशंट न्हाई, आमच्या मालकीनबाई आत गेल्यात, बीपीच्या गोळ्यांच्या लाईनीत — येतील अर्ध्या तासात. तुमचा केसपेपर दिसला मला. मुद्दाम न्हाई बघितला, तुमी त्याचाच वारा घेत बसला होता. अंगद नाव, गाव चकलांबा — बरोबर? लपवायचं काई न्हाई त्यात. आज शिबिराला एकोणतीस बाया आलेल्या हायत आन बाप्या एकच. मी मोजलं. सवय हाय जुनी. तो एक बाप्या तुमी, आन तुमचा पाय सारखा हालतोय म्हणून म्हणलं दोन शब्द बोलावं. भ्यायचं न्हाई. आता बाप्याची नसबंदी बिनटाक्याची असती, धा मिनिटांत मोकळे. मुंगी डसल्यावानी होतं, बस. मला कसं ठाऊक? सांगतो की. माझी उभी हयात त्यातच गेली.

इथंच, गेवराईत, भाजी मंडईच्या मागं मंडळाचा दवाखाना होता — कुटुंब नियोजनाचं मंडळ. सरकारचं न्हाई बरं का, चार शिकलेल्या माणसांनी काढलेलं. दोन खोल्या, वर पत्रा, दारावर लाल त्रिकोण. आता तिथं मोबाईलचं दुकान हाय. हाफिजाबाई म्हणून डॉक्टरीण होत्या, हैदराबादेत शिकलेल्या, लई करारी बाई. मी चौथी शिकलेलो, मला ठेवलं जीपवर. जीप चालवायची, भोंगा लावायचा, गावात गेलं की पारावर पांढरं धोतर ताणून बांधायचं आन त्याच्यावर चित्रं दावायची. पयले बायांना लूप बसवायचे दिवस होते, मंग तांबी आली, मंग गोळ्या — सगळं माझ्या डोळ्यांदेखत. बोलणं माझं असं सावकाश, मला वाटायचं भोंग्यावर मी काय बोलणार. हाफिजाबाई म्हणल्या, तूच बोल, तू भांडल्यावानी बोलत न्हाईस. मंग बोलायचो. नवरा-बायकोनं एका जागी बसा, इचार करा, दोघांनी मिळून ठरवा. धा वर्षांत हे वाक्य किती बारी बोललो असंल — झोपेत बी बोलायचो म्हणं.

लोक हसायचे की. म्हातारी माणसं म्हणायची, आला बैल ठेचणारा. आमाला बैल करतो का बे? मी म्हणायचो, तात्या, ठेचलेला बैलच औत ओढतो, वळू नुसता गावभर हिंडतो. हसायचे, पण येत न्हवते. तरी हळूहळू यायला लागलते — कुणी रुमालानं तोंड बांधून, कुणी भाच्याला दाखवायला आणलं म्हणून. तेवढ्यात आली आणीबाणी. सरकारी माणसं धरधरून न्यायला लागली. आमच्या मंडळानं कुणाला हात लावला न्हाई, हाफिजाबाईंनी लावू दिला न्हाई, पण माणसाला लांबून काय कळतंय कोणती जीप कुणाची? जीप ती जीप. धुरळा दिसला की आख्खं गाव ज्वारीत. एकदा मी टायर पंचर झालं म्हणून हवेचा पंप मागायला गेलतो, तर एक धडधाकट गडी कणगीत जाऊन बसला आन त्याची आई म्हणली, घरात कुणी बाप्याच न्हाई. कणगी शिंकली तवा.

हसला का? हसा, बरं असतं. पण एक सांगतो, त्या सालाला जे बाप्ये पळाले ना अंगदभाऊ, ते अजून माघारी आलेले न्हाईत. सगळं बायांच्या अंगावर ढकललं. हे आतल्या एकोणतीस बघा की. ऊसतोडीला कोयत्यावर जाणाऱ्या बाया तर पार तिशी भरायच्या आत गर्भाच्या पिशव्या काढून बसलेल्या बघितल्या मी. म्हणून तुमाला बघून बरं वाटलं. एकटे आलाव? मंडळींना न्हाई आणलं?

ट्रॅक्टरचं सामान आणायला जातो म्हणून सांगून आलाव — असं. म्हणजे घरी ठाऊकच न्हाई. आईला न्हाई ते समजू शकतो मी. पण बायकोला बी न्हाई? हां. हां. दोन पोरी. आरोही आन संस्कृती, छान नावं हायत. दोन्ही टायमाला पोट फाडावं लागलं, तिसऱ्या बारीला डॉक्टर नको म्हणतात — मंग तुमचं बरोबरच हाय की, तुमी जिवाला जपताय तिच्या. पण ती? ती काय म्हणती? तिला पोरगा पायजे — का तुमच्या आईला पायजे म्हणून तिला पायजे? ...उपास धरलेत तिनं? गुरुवारचे. किती झाले? सात. अकरा करायचेत. आन तुमी तिला न सांगता इथं आलाव.

थांबा जरा. पाणी पितो.

न्हाई, रागावलो न्हाई मी. मी कोण रागावणारा. तुमी इचारलं ना मगाशी, मला कसं ठाऊक मुंगीवानी डसतं म्हणून — माझी झालेली हाय. एकोणऐंशी साल, मार्च महिना. औरंगाबादेवरून सर्जन यायचे महिन्यातून एक दिवस, आन आणीबाणीच्या नंतर दोन वर्षं कुत्रं फिरकत न्हवतं आमच्याकडं. सर्जन पेपर वाचायचे, च्या प्यायचे, जायचे. त्या महिन्यात म्हणले, आज बी कुणी आलं न्हाई तर पुढच्या बारीपासून मी काई यायचा न्हाई. आप्पाराव आमचे सुपरवायझर, त्यांचं तोंड एवढंसं झालं. तवा मी उठलो आन टेबलावर जाऊन झोपलो. सगळे चाट. मंडळाची अब्रू आमच्या एका गड्यानं राखली — तो गडी मी, राधाकिशन — असं आप्पाराव मरंस्तवर सांगायचे लोकांना, नाव न घेता. मी बी माझ्या मनाला तसंच सांगत आलो. आत्ता बी तुमाला तसंच सांगून मोकळा होणार होतो.

पण तसं एकदम उठून झोपता येत नसायचं. हाफिजाबाईंचा एक नियम होता, दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात न्हवता, आमच्याच होता — कागदावर खाली दोन रेघा. वरच्या रेघेवर ज्याचं ऑपरेशन त्याची सही, खालच्या रेघेवर जोडीदाराचा अंगठा. बाईचं असू द्या न्हाईतर बाप्याचं, दुसऱ्याचा अंगठा असल्याबिगर टेबलावर घ्यायचं न्हाई. आता तुमच्या कागदाला नुसती तुमची सही चालती, न्हाई का? आमच्याकडं न्हाई चालायची. मंग माझ्या कागदावर तो अंगठा कुठून आला, इचारा की.

मी आठ दिस आधीच घेऊन ठेवलता. म्हणजे बघा, मंडळाची अब्रू-बिब्रू सगळं नंतरचं. आमची बबिता झाली सत्त्याहत्तरला, तवा छबूला — मालकीनबाई माझ्या, छबुबाई — इतकं रक्त गेलं की घोंगडी जड झालती. हाफिजाबाईंनीच वाचवली. बाहेर येऊन मला बाजूला घेतलं आन म्हणल्या, राधाकिशन, दुसरी बार मैं नहीं बचा सकती. तेवढंच म्हणल्या. दोन वर्षं मी नुसता तिच्याकडं बघायचो. ती आपली भाकऱ्या थापायची, हसायची, आन माझी आई मागून म्हणायची, आता पोरगा होऊ दे. छबू म्हणायची, होईल की आत्याबाई. मी उठून बाहेर जायचो. तिला सांगावं, तर ती म्हणली असती, माझा जीव गेला तर गेला, वंशाला दिवा पायजे. म्हणलीच असती. ठाऊक होतं मला. म्हणून एक दिस चुलीपशी बसलो, कागद पुढं केला आन म्हणलं, छबू, अंगठा लाव, रेशनचा कागद हाय.

लावला तिनं. पिठाचा हात पदराला पुसला आन लावला. इचारलं बी न्हाई कावून.

हाफिजाबाईंनी कागद बघितला, मला बघितलं. बीवी से पूछे क्या, म्हणल्या. मी म्हणलं, हां जी. जिंदगीत त्यांच्याशी एकदाच खोटं बोललो. आन पुढची गंमत ऐका — गंमतच म्हणायची — ऑपरेशननंतर तीन महिने जपावं लागतं, लगेच काई फरक पडत न्हाई, तुमाला बी सांगतील सिस्टर. मंग तीन महिने घरात काय सांगायचं? म्हणलं, छबू, मी नवस बोललोय, पोरगा व्हावा म्हणून. तीन महिने येगळं झोपायचं. भोंग्यावर गावाला शहाणपण सांगणारा माणूस मी. तर ती म्हणली, मंग मी बी उपास धरते जोडीनं.

तिनं ते सोडलेच न्हाईत. धा-बारा वर्षं. सोमवार झाले, गुरुवार झाले, कुणी काढा सांगितला, कुणी गंडा सांगितला, माझी आई तिला घेऊन कुठं कुठं हिंडली, आन मी — मी जीप काढून द्यायचो त्यांना. त्याच जीपनं सोडायचो. आई म्हणली, दुसरी करू तुझी. मी म्हणलं, न्हाई करायची. हे तेवढं मी ठामपणानं म्हणलं. मंग काय, गावानं मला डोक्यावर घेतलं. केवढा मनाचा माणूस, बायकोच्या पोटी पोरगा न्हाई तरी दुसरी केली न्हाई. भावकी म्हणायची, सोयरे म्हणायचे. बबिताच्या लग्नात, युसूफ वडगाव गावात दिली ती, व्याह्यांनी चारचौघांत माझा सत्कार केला त्या गोष्टीसाठी. फेटा बांधला. मी बांधून घेतला.

आन छबू? ती तर अजून सांगत असती. दोष माझ्यात होता, पण ह्यांनी मला टाकलं न्हाई. नव्या सुनांना सांगती, शेजारणीला सांगती. आत्ता, तासाभरापयले, आतल्या सिस्टरनं नुसतं इचारलं, आजी, लेकरं किती — तर तिला बी सांगितलं. मी शेजारी उभा. दरसाली संक्रांतीला पाया पडती माझ्या. मी पाय मागं घेतो, तिला वाटतं मी लाजतो.

म्हणून तुमाला म्हणतो अंगदभाऊ, ऑपरेशन करू नका असं न्हाई म्हणत मी. कराच. मी केलं त्याचं मला काई वाटत न्हाई, ती आज जित्ती हाय, लाईनीत उभी हाय, त्याच्यापुढं काई न्हाई. पण तिला सांगा. भांडंल, भांडू द्या. रडंल. चार उपास अजून ऱ्हायलेत म्हणता ना — तेवढे तरी वाचतील तिचे. एकदा का तुमी न सांगता आत गेलाव आन बाहेर आलाव, की मंग सांगायला दिसच घावत न्हाई. आज नको, सण हाय. आज नको, पाव्हणे हायत. आज नको, तिला ताप हाय. असं करत करत शेहेचाळीस वर्षं होतात. लावा फोन. मी तिकडं बघतो. मला ऐकायचं न्हाई, लावा.

...

झालं? काय म्हणल्या? लई बोलल्या — बोलणारच की. आन मंग? थांबा म्हणल्या, मी येते. येते म्हणल्या? अकराच्या गाडीनं, पोरींना शेजारी ठेवून. बघा. बघा, मी काय म्हणलं. करायचं का न्हाई ते इथं बसून ठरवू म्हणल्या. बरोबर बोलल्या. भोंग्यावर मी हेच सांगायचो, पण इतकं चांगलं कधी जमलं न्हाई मला. डोळे पुसा. त्यात काय लाजायचं, इथं सगळे त्याच कामाला आलेत. आता आत जाऊन सिस्टरला सांगा, माझा नंबर शेवटाला घ्या, मंडळी येतीय म्हणून. घेतात, काई अडचण नसती.

काय? मी?

माझं काय आता. पंचाहत्तरी आली, ती सत्तरची. आता सांगून कुणाचं काय भलं — ते उपास परत येत्यात का? फेटा माघारी देऊ का व्याह्याला? तसं बघू नका माझ्याकडं. तुमचं सोपं होतं, फोनवर होतं. तोंडावर सांगायचं म्हणजे... आन ती काय म्हणंल? मला हेच भ्याव. शिव्या दिल्या तर बरं. पण ती शिव्या द्यायची न्हाई. ती म्हणंल, माझ्यासाठीच केलं ना तुमी. आन परत पाया पडंल. ते मला सोसायचं न्हाई. आन न्हाई पडली, तर ते बी...

आली बघा. ती हिरव्या लुगड्यातली. हळू चालती आताशा. गोळ्या पदराला बांधल्या असतील, पिशवी द्यायला इसरलो मी.

ये छबू, बस. इथं, सावलीला. गोळ्या मिळाल्या का? बरं. न्हाई, घरी जाऊ की, घाई न्हाई. जरा बस. मला बोलायचंय तुझ्यासंगं. हे? हे चकलांब्याचे पाव्हणे, आत चाललेत. जावा तुमी अंगदभाऊ, नंबर तेवढा मागं घ्या. आन जाताना ते दार ओढून घ्या — आमच्या हिला कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोलावं लागंल.