औषधाचं मडकं

चीनमधल्या ज्यांगयोऊ शहरात औषधाच्या दुकानात चूशिया पुड्या बांधत होती. समोर उभ्या असलेल्या सुयिंगला तिनं बजावलं, "बचनागाची पुडी वेगळी ठेवलीय. तो आधी उकळायचा, विष उतरेपर्यंत, पुष्कळ वेळ. चाखून बघा, जिभेला मुंग्या आल्या तर अजून उकळा. आणि भांडं मातीचंच हवं."

"मग तुझं मडकं माझ्याकडेच आहे की गं!" रांगेत मागून कुणीतरी सुयिंगला म्हणालं.

"अगंबाई, रोंगवहिनी! नदी ओलांडून इकडे कुठं?"

"आले होते कामाला. कोण आजारी?"

"सासूबाई. हातपाय गार पडलेत अगदी. राहू दे वहिनी, मी नवं घेते."

"नवं तडकेल इतक्या वेळात. न्यायला का आली नाहीस? उसनं नेलेलं औषधाचं मडकं मला आणून देता येत नाही, ठाऊक आहे ना? मडक्याबरोबर दुखणंही तुझ्या घरी आलं असतं."

"मागच्या महिन्यात आले होते. दारातूनच परत फिरले. दादांचा खोकला ऐकू येत होता, मग थांबला. म्हटलं, आत्ता कुठं डोळा लागलाय, कशाला झोपमोड? आणि त्यांचा काढा चालू असताना मडकं मागायचं तरी कसं?"

रोंगवहिनीनं पिशवीतून पुड्या काढून फळीवर ठेवल्या. "या परत घ्याल का हो?"

चूशियानं स्वतःच्या हातची गाठ ओळखली. एकही दोरा सुटलेला नव्हता.

"वहिनी..."

"मडकं घासून ठेवलंय. आजच ये. आणि दारातून खुशाल मोठ्यानं हाक मार, सुयिंग. झोपमोड व्हायला आता कुणी नाही."