ताराच्या हिरीचं पाणी

आमचं मूळ वडगाव रासाईचं, भीमेच्या काठचं. आज्याच्या येळंपर्यंत मेंढरं होती, मग बापानं थोडी जमीन धरली आन् आम्ही एका जागी बसलो. मी थोरला. दहावीला गणितात गेलो तवा मामानं पाटसला कारखान्यावर सीझनला लावलं, फिटरच्या हाताखाली, पण सीझन संपला की घरी. मग एका ठेकेदारानं इचारलं, भुयारी गटारीचं काम करशील का, बारमाही हाय. मी व्हय म्हनलो. आईनं बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मेंढरामागं हिंडलेली माणसं आम्ही, आन् तू जमिनीखाली जातो म्हनली.

काम लागलं ते गाव दौंड तालुक्यातलं, मोठं. नाव सांगत न्हाई, ज्या घराची ही गोष्ट त्या घरातली माणसं अजून हायेत. नव्वदच्या पुढची गोष्ट, मोबाईल यायच्या आधीची. गावाचं सगळं मैलापाणी पायपातनं खाली यायचं, ओढ्याच्या अंगाला मोठी टाकी, तिथून पंप ते पुढं ढकलायचा. पंप गावाच्या सांडपाण्यापुरता, जास्तीचा न्हाई. पण पाटाला पाणी सुटलं की काय व्हायचं कुणाला कळंना, टाकी भरून यायची, पंप थांबायचा न्हाई तरी पाणी हटायचं न्हाई, आन् मग ती घाण माघारी फिरायची, खालच्या आळीतल्या संडासातनं वर. त्या आळीत माझी बहीण दिलेली, शेवंता. तिच्या घरात घोट्याएवढी घाण मी माझ्या डोळ्यानं बघितली, चुलीपर्यंत आलेली, आन् तिची तान्ही पोर त्यापायी आजारी पडली, दौंडला सलाईनवर होती. वाचली. पण बहीण मला म्हनली, दादा, तू गटारीचंच काम करतो ना रं. एवढंच म्हनली.

साहेब म्हंजी ठेकेदाराचा इंजिनियर, भला माणूस, तो म्हनला बाहेरचं चांगलं पाणी लायनीत कुठनंतरी शिरतंय, ते हुडकायचं. आता हुडकायचं म्हंजी कसं, तर खालनं एकेक चेंबर उघडत वर जायचं आन् बघायचं पाणी कुठं मळकं हाय, कुठं साफ हाय. काय सांगू तुम्हाला, घाणीचं मला कधी भ्या वाटलं न्हाई. घाण म्हंजी वर माणसं हायेत, जेवत्यात, नांदत्यात. पण त्या सकाळी आप्पांच्या घरासमोरचं झाकण काढलं आन् आत बघितलं तर तळ दिसत होता. नितळ पाणी, गार, बाजूच्या एका पायपातनं सारखं येतंय, वास न्हाई, काय न्हाई. माझ्या अंगावर काटा आला. गटारीत असलं पाणी बघू नये माणसानं.

आप्पा म्हंजी गावातले बडे बागायतदार, सोसायटीवर होते, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी न्हाई. साहेब म्हनला आधी खात्री करू, मग त्या पायपात ब्लोअरनं धूर सोडला. धूर जिथनं वर येईल तिथं पायपाचं दुसरं तोंड, असा हिशेब. मी फाटकातनं आत बघत उभा. आन् धूर आला तो आप्पांच्या अंगणात, तुळशीच्या बुडातनं, वृंदावनाच्या चारी अंगानं पांढरा पांढरा, सावकाश, जमिनीतनं कुणी श्वास सोडावा तसा. घरातनं माई आल्या, आप्पांच्या मंडळी, साठीच्या पुढच्या. घाबरल्या न्हाईत. पायरीवर बसल्या आन् धुराकडं बघून म्हनल्या, तारा, आलीस व्हय गं.

मला काय उमगंना. माझा जोडीदार त्याच गावचा, त्यानं मला बाजूला घेतलं आन् हळूच सांगितलं, तुळशीखाली हीर हाय. तारा त्यांची लेक. मार खाऊन सासरहून माघारी आली होती, तर आप्पा म्हनले, उद्या घालवून येतो, लोक काय म्हनतील. सकाळी ती हिरीत सापडली. आप्पांनी हिरीवर स्लॅब टाकला, वर तुळस बांधली. पण पाटाला पाणी सुटलं की हिरीचं पाणी काठाला यायचं, स्लॅबच्या कडेनं अंगणात पाझरायचं, आन् माई त्या ओलीकडं बघत दिवस दिवस बसायच्या, जेवायच्या न्हाईत, बोलायच्या न्हाईत. म्हनून आप्पांनी हिरीतनं पाईप काढून गटारीला जोडला. पाणी वर यायलाच नको.

आप्पांना मळ्यातनं बोलावून आणलं. साहेब नीट बोलला, आप्पा, हा पाईप बंद करावा लागंल. आप्पा म्हनले, जमणार न्हाई, दुसरं काय पाहिजे ते बोला. मग मी बोललो. म्हनलं आप्पा, तुमच्या हिरीच्या पाण्यापायी माझ्या बहिणीच्या चुलीत मैला येतोय, तिची पोर मरता मरता वाचली. आप्पांनी माझ्याकडं बघितलंच न्हाई. माई बघत होत्या. म्हनल्या, पोरगी हाय का तिला. म्हनलं व्हय माई, तान्ही हाय. त्या उठल्या, तुळशीला हात जोडले आन् म्हनल्या, फोडा. आप्पा म्हनले, आत जा तू. माई म्हनल्या, इतकी वर्षं आतच हाय मी. तुम्ही पोरीला घरात ठिवून घेतलं न्हाई, आन् आता तिचं पाणीबी ठिवून घेत न्हाई, गटारीत सोडताय. आवाज चढला न्हाई त्यांचा. आप्पा खाली बसले, भिंतीकडं तोंड करून.

तुळस डब्यात काढून ठिवली, वृंदावन हलवलं, स्लॅबची एक कड फोडली. पाणी हाताला लागंल एवढं वर, आन् त्यात आभाळ. मी वाकलो तर माझं तोंड दिसलं, आन् शपथ सांगतो, माझ्या तोंडामागं आणिक एक बाईचं तोंड दिसलं. माईच उभ्या होत्या मागं, वाकून बघत. वळलो तवा कळलं. पण कळून उपेग काय, झोपेत मला अजून ती दोन तोंडं दिसत्यात, आन् झोपेत मी वळतो तवा मागं कुणी नसतं.

गटारीकडचं तोंड इटा-सिमेंटनं बुजवलं, आन् हिरीला वेगळा पाईप टाकून पाणी सरळ ओढ्याला काढलं. पुढच्या खेपेला पाटाला पाणी सुटलं तवा टाकी चढली न्हाई, पंपाला मधी मधी थांबायची उसंत मिळाली, शेवंताचं घर कोरडं राहिलं. ओढ्यावरच्या त्या पायपाखाली खालच्या आळीच्या बाया धुणी धुयाला लागल्या, साफ पाणी म्हनून. माई संध्याकाळच्या तिथं येऊन दगडावर बसायच्या. बाया जागा करून द्यायच्या, आन् माई त्यांना ताराचं सांगायच्या, लहानपणी कशी रुसायची, उसाचं कांडं कसं दातानं सोलायची, सगळं. त्या घरात इतक्या वर्षांत तिचं नाव निघालं नव्हतं. आप्पा तिकडं कधी फिरकले न्हाईत. आधी ते गेले, मग माई गेल्या. मी त्या पायपाचं पाणी कधी प्यालो न्हाई. ओंजळ धरायचो आन् सोडून द्यायचो.

पुढं गुडघे गेले, चेंबरात उतरणं जमंना, तवा इथं शिक्रापूरला आलो, एका कंपनीत वॉचमन हाय. रोडला सारखे ट्रक, त्यांच्या आवाजानं मी जागा होत न्हाई. पण बिल्डिंगची टाकी सांडायला लागली, बारीक पाणी पडायला लागलं, की उठून बसतो. मंडळी म्हनती, झोपा, कुणी न्हाई.

मधी एक दिवस माझी थोरली लेक दारात उभी राहिली, सुनंदा. एकटीच आली, हातात पिशवी, ओठ फुटलेला. मंडळी म्हनली, जावयाला फोन लावा, इचारा काय झालं. मी म्हनलं, फोन लावायचा न्हाई. आन् तिलाबी काय इचारायचं न्हाई. पिशवी घेतली तिच्या हातातनं आन् आतल्या खोलीत नेऊन ठिवली. भावकी बोलली, बोलू द्या. ती इथंच हाय, पॅकिंगच्या कामाला जाती, हसतीबी आताशा. आत च्या करतीय ती तुमच्यासाठी. साखर किती घालू म्हनून इचारतीय बघा.