फियाटचा स्विच आणि कोकमाचं आगळ

रत्नागिरी स्टँडवर गुहागरच्या रांगेत गंगारामच्या पुढे एक जोडपं उभं होतं. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या गंगारामचे कान त्यांचं बोलणं ऐकून टवकारले.

"दारात फियाट, नि आपण रांगेत!"

"हेडलाइटचा स्विच खोललाय ना, मालन. आतलं पितळ झिजलंय, काळं पडलंय. घासतोय."

"गणपतीपासून घासताय! त्यात माझं कोकमाचं आगळ संपवलंत, सोलकढीला थेंब नाही."

"पण पितळ कसं लखलखलं!"

"पितळच लखलखतंय, दिवा कुठे लागतोय? शिमग्याआधी विकूनच टाकते गाडी."

"घेणार कोण?"

गंगारामला राहवेना. "वहिनी, मी घेतो. आत्ताच येतो बघायला."

मालनने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"नुसता स्विच बसवायचाय हो. तेवढ्यासाठी कोणी गाडी विकतं?" ती नवऱ्याकडे वळली. "अहो, चला घरी. आगळाची लपवलेली बाटली देते काढून."