कुरणावर उतरलेली छत्री

(फ्रान्सच्या आल्प्समधलं उंचावरचं कुरण. गवतात पॅराग्लायडरचं लाल कापड पसरलंय. मेंढपाळीण सोलांज, नुकताच उतरलेला रेमी, आणि अजून पट्ट्यांत अडकलेली त्याची प्रवासी ओदील.)

सोलांज : हात लावू नकोस त्या छत्रीला! माझ्या मेंढ्या परत येईपर्यंत ती इथंच राहील.

रेमी : अहो, वारा फिरला. दुसरीकडे उतरायला जागाच नव्हती.

सोलांज : वारा मला शिकवू नकोस. जन्म गेला माझा या उतारावर. सकाळपासून दिशा बदललेली नाही त्यानं. कळपाच्या डोक्यावर घिरट्या घालत होतास तू, मेल्या! कड्याकडे उधळल्या सगळ्या.

रेमी : तुमचे कुत्रे भुंकले म्हणून उधळल्या.

सोलांज : कुत्रे तुझ्यावर भुंकत होते!

ओदील : माफ करा, हे पट्टे कुणी सोडवेल का?

सोलांज : बसा तशाच. आभाळात लटकायची हौस आली होती ना?

रेमी : त्यांच्यावर ओरडू नका. या हौसेमुळेच खाली गावातली बेकरी अजून उघडते. शाळेतली निम्मी पोरं आम्हा उडवणाऱ्यांची आहेत. मेंढ्यांवर भागलं असतं, तर तुमचा भाऊ कळप विकून शहरात गेला असता का?

सोलांज : भावाचं नाव काढू नकोस.

रेमी : काढणार! उद्या गावच्या सभेत या माथ्यावरून उडायला परवानगी मिळाली, की रांगा लागतील इथं. थोड्या वर्षांनी पाठीला विजेचा पंखा बांधून लोक आपापल्या अंगणातून उडतील. कुणाकुणाला अडवणार तुम्ही?

सोलांज : आणि मेंढ्यांनी काय बिळात राहायचं?

ओदील : त्याला बोलू नका हो. खाली घे, असं मीच म्हटलं त्याला.

रेमी : राहू द्या, मादाम.

ओदील : का राहू द्या? वारा फिरला म्हणून माझ्यासाठी खोटं बोलतोयस. मला कोकरं जवळून बघायची होती. तू नको म्हणालास, मी हट्ट धरला. या वयात इतकी हसेन, असं वाटलं नव्हतं मला.

सोलांज : हसत होतात?

ओदील : हो. त्या घाबरल्यात हे कळलंच नाही मला.

सोलांज : आणि तुला, रेमी?

रेमी : कळलं होतं.

सोलांज : ऐक. कड्याखाली भुंकतोय कुत्रा. चल माझ्याबरोबर. मादाम, तुम्ही इथंच थांबा. ...सांभाळून उतर, दगड सुटे आहेत.

रेमी : ती मेंढी बघा, त्या खडकापाशी! हलतेय अजून. उठायला बघतेय.

सोलांज : नाही उठायची ती. कंबरडं मोडलंय. गाभण होती.

रेमी : गुरांच्या डॉक्टरला फोन लावतो.

सोलांज : तो इथवर चढून येईपर्यंत हिनं असंच तडफडायचं?

रेमी : सोलांजबाई, मी...

सोलांज : उद्या सभेत मी तुमच्या बाजूनं हात वर करणार होते. कुणाला बोलले नव्हते. भावाला वाटलं असतं, शेवटी मीही हरले.

रेमी : आणि आता?

सोलांज : आता सुरी काढतेय. डोकं धर तिचं.

रेमी : मला नाही जमणार.

सोलांज : जमेल. तिच्या डोळ्यांवर हात ठेव. वर बघू देऊ नकोस तिला.