देवीचं लाइफ जॅकेट

सरकारी कराराच्या अटींना कुणी देवळातल्या गाऱ्हाण्यासारखं "व्हय महाराजा" म्हटलेलं ऐकलंय? आमच्या देवबागेत म्हटलं.

गावातल्या बायकांच्या बचत गटाला पर्यटक फिरवायला अनुदानातून होडी मिळाली. अध्यक्ष माझी बायको, जया. ती वारल्यावर कागदपत्रं मी बघू लागलो. होडीसाठी धक्का बांधायचा अनुदानाचा हप्ता बाकी होता, तो देण्याआधी सरकारी खात्याचे साहेब सगळ्यांसमोर अटी वाचायला आले.

"होडी पाच वर्षं विकता येणार नाही."

"व्हय महाराजा!"

"होडी फक्त पर्यटनासाठीच वापरायची."

गटातली सुंदराकाकी उठून म्हणाली, "मगे देवीची पालखी कशी न्हेवची, सायबा?"

आमची देवी दरवर्षी खाडीपलीकडे बहिणीला भेटायला जाते. साहेब घाटावरचे. म्हणाले, "ते पर्यटनात बसत नाही, काकी. अट मान्य नसेल तर हप्ता थांबेल."

"बसता मां! भयणीकडे जाता, दोन दिस रवता, जेवता, परत येता. पर्यटक आणखी काय करतत?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. शेवटी त्यांनी घसा खाकरून पुढची अट वाचली. "होडीतल्या प्रत्येक पर्यटकाला लाइफ जॅकेट सक्तीचं."

"व्हय महाराजा!"

हप्ता आला, धक्का झाला. जयाचं नाव लिहिलेलं जॅकेट ती गेल्यापासून खुंटीलाच होतं, कुणी घालत नव्हतं. यंदा पालखीला तेच बांधलं. साहेबांना फोटो पाठवला.

लगेच उत्तर आलं, "खालचा पट्टा सैल आहे. आवळून घ्या."